माझ्या सासूनं मोजलेले दात

माझी सासू मला बघायला आली तेव्हा तिनं माझं शिक्षण विचारलं नाही, कुळ विचारलं नाही, सुई धरता येते का तेही विचारलं नाही. तिनं माझी हनुवटी धरली, अंगठ्यानं खालचा ओठ ओढला, आत डोकावली आणि म्हणाली, "पंचवीस."

माझ्या आईनं माझं वय बावीस सांगितलं होतं. आईचा चेहरा उतरला, मामाला एकाएकी खोकला आला. सासूनं अंगठा घागऱ्याला पुसला आणि म्हणाली, "दात मात्र खणखणीत आहेत. लग्न ठरलं समजा." ही मा ओकबुन; मा हे आडनाव. अठरा वर्षं मी तिच्यासोबत एका छपराखाली काढली, त्यामुळे तिच्याबद्दल चांगलं बोलायची माझ्यावर सक्ती नाही.

तिचा बाप सोलपासून लांब, आमच्या आंदोंग गावच्या बाजारात गुरांची खरेदी-विक्री करणारा हेड्या होता. मुलगी जगते का बघू, मग नोंद करू, असं म्हणत त्यानं तिची जन्मनोंद तब्बल तीन वर्षांनी केली. म्हणजे सरकारी कागद तिच्या वयाबद्दल पहिल्या दिवसापासून खोटं बोलत होता. पण बैलाच्या वयाबद्दल बाप कधी फसला नाही. पोरीला मांडीवर घेऊन तो जनावराचा जबडा उघडायचा आणि शिकवायचा, हा आदत, अजून दुधाचेच दात; हा दुसा, दोन पक्के; हा चौसा, चार; हा जुळलेला, सगळे आले. मालक खोटं बोलतो, दलाल तर बोलतोच, दात बोलत नाहीत. सातव्या वर्षी ती बापाइतकं बरोबर सांगायला लागली. आठव्या वर्षी बापापेक्षा बरोबर, आणि म्हणून बापानं तिला बाजारात न्यायचं बंद केलं.

पुढे लग्न झालं, मुलगा झाला. युद्धाच्या पहिल्या उन्हाळ्यात नवरा बाहेर पडला तो परत आलाच नाही. बाजार जळाला. बैल तर कधीच सैन्याच्या पोटात गेले होते. बैलच नाहीत म्हटल्यावर दात कुणाचे बघणार? ती गावाबाहेरच्या टेकडीवरच्या बालगृहात स्वयंपाकाला लागली.

बालगृहाचे संचालक योमसाहेब, चर्चमधले ज्येष्ठ. माणूस चांगला होता. सासू म्हणायची, "चांगल्या माणसाच्या हाताखाली काम करून बघ, म्हणजे वाईट माणसांची किंमत कळते." सापडलेल्या प्रत्येक मुलाला योमसाहेब आपलं आडनाव देत आणि त्याच्या नावानं नवी कुटुंबनोंद काढत. आई नाही, बाप नाही, त्यामुळे त्या नोंदीत ते मूल एकटंच, आणि एकटं म्हणजे तेच कुटुंबप्रमुख. ज्याला स्वतःचं नाक पुसता येत नाही ते सरकारदरबारी एका घराण्याचा मूळपुरुष! आंदोंगचे म्हातारे यावर फार चिडत. आमच्या घराण्यांना पाचशे वर्षं लागली, आणि हा गृहस्थ न्याहारी आणि जेवणाच्या मध्ये तीन घराणी काढतो, असं म्हणत ते टेकडीकडे पाठ करून थुंकत.

कागद हवाच होता, कारण मुलं समुद्रापार जात होती. आधी परदेशी सैनिकांची मुलं गेली, ज्यांच्याकडे बघून गाव तोंड वाकडं करायचं ती. मग आमच्यासारख्याच तोंडवळ्याची जायला लागली. त्यातल्या काहींच्या आया दर रविवारी फाटकाशी येऊन उभ्या राहत. पण अनाथ म्हणजे आईबाप मेलेलं मूल असं कुठं आहे? अनाथ म्हणजे ज्याचा कागद तयार झाला ते. मला हे बोलताना आजही राग येतो, आणि येऊ द्या.

त्या कागदावर वयाचा एक रकाना होता. रस्त्यावर सापडलेल्या मुलाचं वय कोण सांगणार? योमसाहेब अंदाज करायचे आणि अंदाज करण्यापूर्वी प्रार्थना करायचे. एकदा तीन वर्षांच्या पोराला त्यांनी पाच ठरवलं तेव्हा भाताचं पातेलं घेऊन चाललेली ओकबुन थांबली, पोराच्या तोंडात अंगठा घातला आणि म्हणाली, "साहेब, हा अजून आदत आहे. मागची दाढ वर आलेली नाही. पाच कुठले?"

"तुम्हाला काय कळतं?"

"मला बैलाचं कळतं. माणसाच्या पिल्लाला वरच्या बाजूलाही दात येतात, एवढाच काय तो फरक."

योमसाहेबांना ते आवडलं नाही, पण सोयीचं वाटलं. तेव्हापासून नवं मूल आलं की आधी ओकबुनच्या अंगठ्याखालून जायचं. ती वय सांगायची आणि बान मास्तर कागद टाइप करायचे. मिशन शाळेत इंग्रजी शिकवणारा हा बारीक, भित्रा माणूस आठवड्यातून दोनदा टेकडी चढून यायचा.

हेसुक आली ती आमच्या चांद्र नववर्षानंतर दोनच दिवसांनी. बाजारात जिथं पूर्वी बैल बांधत, त्या खांबापाशी दुलईत गुंडाळून ठेवलेली होती. ओकबुननं तिचं तोंड उघडलं. खाली दोन दात नुकतेच डोकं वर काढून होते. नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ तिनं त्या तोंडात पाहिलं. मग म्हणाली, "दोन."

बान मास्तरांनी टाइप केलं, वय दोन वर्षे.

इथं चूक कुणाची, सांगा बघू. आमच्याकडे मूल जन्मतं तेच एक वर्षाचं. पोटातले महिने काय फुकट गेले? आणि नववर्षाच्या सकाळी भाताच्या वड्यांचं सूप प्यायलं की अख्खा देश एकदम एका वर्षानं मोठा होतो. हेसुक आदल्या पावसाळ्यात जन्मली, एक. नववर्ष उलटलं, दोन. पाच-सहा महिन्यांचं मूल दोन वर्षांचं, यात आंदोंगमध्ये कुणाला काही चुकीचं वाटलं नसतं. कागद वाचणारा मात्र आंदोंगचा नव्हता.

सातू पिकण्याच्या सुमारास हेसुक विमानात बसली. जाताना तिला चार दात होते, दोन खाली आणि दोन वर. अमेरिकेत नेब्रास्का म्हणून गुरांचा मुलूख आहे, तिथल्या श्रोडर नावाच्या शेतकरी नवराबायकोनं तिला घेतलं आणि तिचं नाव लोइस ठेवलं.

पत्र आलं ते किमचीची कोबी चिरायच्या दिवसांत. बान मास्तर ते योमसाहेबांना वाचून दाखवत होते आणि ओकबुन दाराशी मीठ लावलेली कोबी पिळत बसली होती. श्रोडरबाईंनी लिहिलं होतं, मूल गोड आहे, आमचा तिच्यावर जीव आहे. पण लवकरच तीन वर्षांची होईल आणि अजून धरून धरून चालते. दोन-तीन शब्दांपलीकडे बोलत नाही. डॉक्टर म्हणतात, बुद्धी मंद आहे. दातही उशिरा येतायत, ते त्याचंच लक्षण. अशा मुलांसाठी सरकारी संस्था आहे, नाताळनंतर तिथं जागा मिळेल. मोठं आवार आहे, भिंत उंच आहे. आम्ही काय करावं? तिला पूर्वी काही आजार होता का?

"कोण तीन वर्षांची?" ओकबुन कोबी हातात घेऊनच आत आली.

"योम हेसुक," बान मास्तर म्हणाले.

"ती कुठली तीन वर्षांची? बाराच्या पुढे दोन महिने झाले असतील तिला! धरून चालते म्हणजे छानच चालते की."

"तुम्हीच दोन सांगितलं होतं, काकू."

"दोनच होती! नववर्ष नव्हतं का झालं?"

बिचाऱ्या बान मास्तरानं मनातल्या मनात हिशोब केला असणार, कारण त्याचे कान लाल झाले. परदेशात मूल शून्यापासून सुरू होतं हे त्याला माहीत होतं. तसं तो वर्गात पोरांना शिकवायचा. पण टाइप करताना तो आंदोंगचा माणूस होता, दोन म्हटलं की दोन.

"साहेब, लगेच लिहून टाका," ओकबुन म्हणाली. "चूक झाली, पोर दीड वर्षानं लहान आहे. संपलं."

योमसाहेबांनी चष्मा काढला. चष्मा काढला की ते नाही म्हणायचे, हे सगळ्या बालगृहाला ठाऊक होतं. "ओकबुनबाई, एका मुलाचं वय चुकलं असं लिहिलं तर ते विचारतील, बाकीच्यांचं काय? आपण सत्तरच्या वर मुलं पाठवली आहेत. वय खोटं, तर नाव खरं कशावरून? अनाथ तरी खरी कशावरून? कागद थांबतील. दुधाची पावडर थांबेल. वर चाळीस पोरं झोपली आहेत, ती काय खातील?"

"आणि ती भिंतीआड जाईल तिचं काय?"

"मी तिच्यासाठी प्रार्थना करीन."

"तुम्ही प्रार्थना करूनच त्या पोराला पाच वर्षांचं केलं होतं," ओकबुन म्हणाली आणि कोबी तिथंच टेबलावर ठेवून निघून गेली. मिठाचं पाणी श्रोडरबाईंच्या पत्रावर पसरलं.

दोन दिवस तिनं बान मास्तरांचा पिच्छा पुरवला. शाळेच्या फाटकाशी, चर्चच्या पायरीवर, न्हाव्याच्या दुकानात साबण लावलेल्या तोंडासमोर. "मास्तर, चार ओळी लिहा." मास्तर म्हणायचे, माझी नोकरी जाईल, माझ्या हस्ताक्षरावरून कळेल, माझी आई आजारी आहे. शेवटी ती म्हणाली, "बरं, चार ओळी राहू द्या. लिफाफ्यावर पत्ता तरी लिहाल? पत्ता लिहिणं म्हणजे काही साक्ष देणं नव्हे." मास्तरांनी खूप विचार केला आणि मान हलवली. भित्र्या माणसाकडून एवढं झालं, त्याला मी नावं ठेवणार नाही.

आता लिफाफा होता. तो तिनं योमसाहेबांच्या खणातून, तिकिटं लावलेला, सरळ चोरला. आत घालायला पत्र नव्हतं. हिला आमची अक्षरं जेमतेम येत, इंग्रजी तर लांबच. पण पत्र वाचताना तिच्या कानात एक गोष्ट अडकली होती. श्रोडर गुरं पाळतो.

मग तिनं जे तिला येत होतं ते काढलं. एक जबडा, खाली दोन दात, बाजूला बर्फ. मग दुसरा जबडा, चार दात, बाजूला पिकलेला सातू. प्रत्येक जबड्याखाली गाईजवळ एक वासरू, एक बसलेलं, एक उभं. मग कागदाच्या वरच्या कडेनं पूर्ण चंद्र काढत गेली, चौदा. पहिल्या चंद्राखाली दुलईतलं बाळ, तोंड उघडं, दात एकही नाही. चौदाव्याखाली तेच बाळ उभं, आणि त्याचा जबडा मोठा करून काढलेला. त्यात आठ दात. मागं दोन्हीकडे हिरडी फुगलेली, दाढ आता येईल अशी. आणि त्या जबड्याच्या ओठावर एक जाडजूड अंगठा.

म्हणजे काय, तर बाबा रे, ऊठ आणि बघ. आठ नसले तर मी खोटी.

लिफाफा गेल्यावर तिचं जेवणावरचं लक्ष उडालं. ती सांगायची, "मी उभ्या आयुष्यात बाजारात पैज लावताना घाबरले नाही. पण समजा, त्याला सातच दिसले तर? एखादा दात आठवडाभर मागं-पुढं होतोच की." नाताळ आला. टेकडीवर पोरांनी गाणी म्हटली, योमसाहेबांनी पावडरीचं दूध गोड करून वाटलं, आणि ही कोपऱ्यात बसून बोटांवर दात मोजत होती.

उत्तर आलं ते बर्फ वितळताना. त्यात एक फोटो होता. गोठ्यात एक दांडगा माणूस गुडघ्यावर बसलाय, समोर हेसुक गमबूट घालून स्वतःच्या पायांवर उभी आहे, आणि त्या माणसानं आपल्या अंगठ्यानं तिचा ओठ ओढून धरलाय. मागून एक गाय कॅमेऱ्याकडे बघतेय. फोटोच्या पाठीवर अक्षर एकही नव्हतं. पेन्सिलीनं एक जबडा काढला होता, बारा दातांचा. वर चंद्र होते, अठरा.

ओकबुननं तो फोटो घेऊन सगळ्या बालगृहाला दाखवला, आणि तिथंच घोटाळा झाला, कारण सगळ्या बालगृहात योमसाहेबही आले.

"तुम्ही माझा लिफाफा चोरलात," ते म्हणाले.

"हो, लिफाफा चोरला. तुम्ही पोरीचं दीड वर्ष चोरत होता."

त्याच दुपारी तिची नोकरी गेली. ती टेकडी उतरली ती थेट बाजारात. बाजार पुन्हा भरायला लागला होता. हेड्यांनी आधी हसून घेतलं. मग एकानं दुसा म्हणून विकायला काढलेला बैल तिनं चारचौघांत तोंड उघडून जुळलेला ठरवला, तेव्हा हसणं थांबलं. आंदोंगच्या बाजारातली एकुलती एक हेडीण म्हणून तिनं पुढची पंचवीस वर्षं काढली. त्याच बैलांवर तिनं माझ्या नवऱ्याला शिकवलं आणि बाजाराच्या तोंडाशी आम्हाला रस्सा-भाताचं दुकान थाटून दिलं.

पण हे सगळं सांगून झालं की ती बोटांवर पोरं मोजायला लागायची. बान मास्तर त्यानंतर नव्या मुलांची वयं गुपचूप परदेशी रीतीनं टाइप करायला लागले, हे खरं. आधी गेलेल्यांचं काय? त्या प्रत्येकाच्या तोंडात तिचाच अंगठा गेला होता, प्रत्येकाचं वय तिनंच सांगितलं होतं. त्यांच्यातल्या कुणाबद्दल पत्र आलं नाही. सगळ्यांचेच नवे बाप काही गुरं पाळत नसणार. नववर्षाच्या सकाळी मी सूप वाढायचे तेव्हा ती वाटी दूर सारायची. "मला नको. उगाच वाढवलेली वर्षं पुष्कळ झाली." मला तेव्हा वाटायचं, माझ्या सुपाला नावं ठेवतेय. मी दोन-तीन वर्षं त्यावरून तिच्याशी धड बोलले नव्हते. आता लाज वाटते.

सोलमध्ये ऑलिंपिक झालं त्या शरदात एक बाई आमच्या दुकानात आली. चेहरा आमचा, चालणं त्यांचं. सोबत कॉलेजातली एक दुभाषी मुलगी. बाईनं पिशवीतून चौकटीत बसवलेला एक पिवळा कागद काढून टेबलावर ठेवला. चंद्र, वासरं, जबडे.

सासू तेव्हा मागं कांद्याची पात निवडत होती. मी ओरडले, "आई, लवकर बाहेर या!"

"काय झालं तेगुनच्या आई, दुकान पेटलं का?" म्हणत, माझ्या मुलाच्या नावानं मला हाक मारत ती आली. कागद बघितला. बाईकडे बघितलं. नमस्कार नाही, विचारपूस नाही. पातीचा हात पुसला आणि सरळ तिची हनुवटी धरली. दुभाषी पोरगी किंचाळली. बाईनं मात्र लहान मुलासारखा आ केला, जणू याचसाठी ती एवढी लांब आली होती.

"तेहतीस," सासू म्हणाली. "आणि हा मागचा दात खोटा आहे."

लोइस हसता हसता रडायला लागली. तिनं सांगितलं, तिचा बाप तो कागद घेऊन डॉक्टरकडे गेला आणि म्हणाला, तुम्ही माझ्या गोठ्यात आला असता तर वासराला म्हातारी गाय म्हणाला असता. संस्थेतली ती जागा दुसऱ्या कुणाला तरी गेली. कागद बापानं जन्मभर गोठ्यात टांगून ठेवला. तो गेल्यावर तिच्याकडे आला. सरकारी नोंद मात्र कुणीच बदलून दिली नाही, त्यामुळे अजूनही ती कागदावर दीड वर्षानं मोठी आहे.

"माझाही कागद खोटाच," सासू म्हणाली. "मी कागदावर त्रेसष्ट. खरं किती, तू सांग. बघ." आणि तिनं आ केला. लोइसनं बिचकत अंगठा आत घातला. आत काहीच नव्हतं, पाच वर्षांपूर्वीच सगळे पडले होते.

"काही नाही," लोइस म्हणाली.

"मग बरोबर. आता मला कुणी विकू शकत नाही."

मी रस्सा वाढला. लोइसनं चमचा उचलला आणि परत ठेवला. तिला विचारायचं होतं ते ती आता विचारणार, हे मला कळलं. ती म्हणाली, "माझा जन्म कोणत्या दिवशी झाला?"

"दिवस दातांवर लिहिलेला नसतो. पावसाळ्यात, एवढंच."

"कागदावर लिहिलंय, टाकून दिलेलं मूल. आई-वडील अज्ञात. तुम्हाला आणखी काही माहीत आहे?"

सासूनं पुन्हा तिच्या वरच्या ओठाला अंगठा लावला. मी तिला इतकं हळू बोलताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. "नाव माहीत नाही, गाव माहीत नाही. पण त्या दिवशी मी फक्त दात नव्हते बघितले. तुझ्या वरच्या ओठाला, इथं मधोमध, घट्टा होता. अंगावर पिणाऱ्या पोराला ओढून ओढून येतो तो. पिणं सुटलं की दोन-चार दिवसांत निघून जातो. तुझा ओला होता, ताजा. आणि गाल भरलेले. त्या साली आंदोंगमध्ये पोटभर कुणीच जेवत नव्हतं, पोरी. तुला त्या खांबाशी ठेवलं त्या सकाळपर्यंत कुणीतरी पाजत होतं."

"हे कागदावर का नाही?" लोइसनं विचारलं.

"मला वय विचारलं, मी वय सांगितलं. बाकी कुणी विचारलंच नाही."

लोइसनं बोट वरच्या ओठाच्या मधोमध ठेवलं आणि तशीच बसून राहिली. मला तिचा रस्सा दोनदा गरम करावा लागला.